हिब्रू बोलणाऱ्या पाहुणीला रोज एक इंग्रजी शब्द शिकवतेय, पण टिकत नाहीत. कुठं चुकतंय?

माडाखालची | १२ डिसेंबर, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी, विषय जरा विचित्र आहे पण इथं मास्तर लोक बरेच आहेत म्हणून विचारते. आमचं गोव्यात हरमलला चार खोल्यांचं होमस्टे आहे, समुद्रापासून जरा आत, आणि नोव्हेंबरच्या मध्यापासून एक खोली एका इस्रायली मुलीनं धरलीय ती फेब्रुवारीअखेरपर्यंत. बावीस वर्षांची आहे, सक्तीची आर्मी संपवून आलेली. त्यांच्यातली बरीचशी पोरं आर्मी झाली की बॅग उचलून निघतात हे हरमल-मांद्र्यातल्या माणसाला सांगायला नको, इथल्या शॅकवर भाजी चिरणाऱ्या पोरालाही "कामा झे ओले" म्हणजे किती पैसे हे कळतं.

तर हिला परत जाऊन सायकोमेट्रिक द्यायचीय, म्हणजे त्यांच्याकडची युनिव्हर्सिटीची एंट्रन्स. त्यात भाषा, गणित आणि इंग्रजी असे तीन भाग, इंग्रजीचा स्कोअर ५० ते १५० मध्ये लागतो. बोलायला ती फडाफड बोलते हो, त्यांच्या टीव्हीवर इंग्रजी सिरियल डब करत नाहीत, खाली हिब्रू अक्षरं येतात, त्यामुळे कान तयार आहे. पण पानभर उतारा वाचायला दिला की तिसऱ्या ओळीत गाडी रुतलीच. माझं बी.ए. इंग्लिश, लग्नाआधी दोन वर्षं ट्यूशन घेतलेल्या, म्हणून ठरलं की रोज एक शब्द मी द्यायचा आणि बदल्यात ती माझ्या लेकाला गिटार शिकवणार. लेकाचं तिकडं बरं चाललंय, माझंच अडलंय.

स्वयंपाकघराच्या दाराला एक काळा फळा आहे, पूर्वी त्याच्यावर दूध नि गॅसचा हिशोब असायचा, आता त्यावर रोज सकाळी एक शब्द. ती त्याच्याखाली हिब्रू अक्षरांत उच्चार लिहिते, शेजारी हिब्रू अर्थ, फोटो काढते आणि समुद्रावर जाते. काल सव्वीस शब्द झाले म्हणून सगळे एकत्र विचारले तर नऊ आठवले. नऊ! त्यातही बेड आणि बॅड तिच्या तोंडून एकच येतात, पेन आणि पॅन एकच, मेन आणि मॅन एकच. आणि वाक्यात वापर म्हटलं की "आय टायर्ड". ॲम कुठं गेला विचारलं तर म्हणते आमच्याकडे नसतोच.

परवाची गंमत सांगते. मासेवाली दारात टोपली उतरवून बसलेली, मी बांगडे निवडतेय, तेवढ्यात आमच्या मोतीनं एक बांगडा उचलला आणि माडांमधून धूम. लेक ओरडला "डॉग! डॉग!" आणि ही पायरीवर बसून हसता हसता खाली यायची बाकी. का, तर हिब्रूत दाग म्हणजे मासा. तिला वाटलं पोरगा माशाच्या नावानं बोंब मारतोय. मग तिनं सांगितलं की शाळेत त्यांचा हा नेहमीचा घोळ, इंग्रजी हू म्हणजे कोण पण हिब्रू हू म्हणजे तो, इंग्रजी ही म्हणजे तो पण हिब्रू ही म्हणजे ती, इंग्रजी मी म्हणजे मला आणि हिब्रू मी म्हणजे कोण. मी म्हटलं बाई थांब, मराठीत ही म्हणजे हीच आणि मी म्हणजे मीच, आता माझंही डोकं फिरायला लागलंय.

पण त्या दिवशीपासून डॉग ती विसरलेली नाही. फळ्यावरचे शब्द मात्र विसरते. रोज एकच शब्द द्यावा का जास्त? हिब्रूत लिहू द्यावं का बंद करावं? आणि बेड-बॅडला काय औषध?

---

गिअरवाला | १२ डिसेंबर, रात्री ११:१५

ताई मी मास्तर नाही, मोरजीला स्कूटर भाड्यानं देतो, पण पंधरा सीझन या लोकांशी बोलून बोलून जे शिकलो ते सांगतो. यांच्या हिब्रूत इंग्रजी शब्द भरपूर आहेत पण तिकडं जाऊन ते बिघडलेत, आपल्याकडं टेबलाचं टेबल राहिलं तसं नाही. गेल्या वर्षी एका पोराचा मेसेज, "सॉरी, पंचर, टुमॉरो". मी बिचारा पंप आणि पॅचचं सामान घेऊन त्याच्या रूमवर. गाडी धडधाकट उभी. झालं काय होतं, तर त्याचा मित्र येणार होता त्याची बस चुकली, म्हणून प्लॅन फिसकटला. यांच्याकडं टायर बसला तरी पंचर आणि ऐनवेळी कामाचा विचका झाला तरी पंचर.

तसंच ट्रेम्प. ट्रेम्प म्हणजे लिफ्ट, रस्त्यावर हात करून मागतात ती. हा इंग्रजी ट्रॅम्पच, पण इंग्रजीत त्याचा अर्थ भटक्या, म्हणजे बघा. ब्रेक्सिम म्हणजे ब्रेक. ब्रेक्स हे आधीच अनेकवचन त्याला वर यांचं इम लावलं, आपण लेडीजचं लेडीजा करावं तसं. आणि सगळ्यात भारी म्हणजे गाडीचा मागचा ॲक्सल, बॅक ॲक्सल, त्याचं झालं बेकेक्स, मग कुठलाही ॲक्सल बेकेक्स झाला आणि पुढच्या ॲक्सलला हे लोक म्हणतात "पुढचा बेकेक्स". मला हे एका मेकॅनिक पोरानं सांगितलं तेव्हा मी चहा सांडला.

तुमच्या पाहुणीला असले शब्द आधी काढून द्या. जे तिला येतात असं वाटतं तेच परीक्षेत दगा देणार.

---

पाटो_ते_पर्वरी | १२ डिसेंबर, रात्री ११:२२

ट्रान्सलेटचं ॲप आहे ना फोनमध्ये, एवढा खटाटोप कशाला

---

माडाखालची | १२ डिसेंबर, रात्री ११:३०

@पाटो_ते_पर्वरी परीक्षेला फोन नेऊ देत नाहीत दादा.

@गिअरवाला पुढचा बेकेक्स 😂 उद्या विचारतेच तिला.

---

नवगावकर_कधीकाळचा | १३ डिसेंबर, सकाळी ७:०५

वा, या धाग्यावर मला बोललंच पाहिजे. मी बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू, मूळ अलिबागकडचे आम्ही, ज्यांना गावात शनिवार तेली म्हणायचे, शनिवारी घाणा बंद म्हणून. नोकरीमुळं बारा वर्षं मडगावला आहे. आमचे निम्मे नातेवाईक इस्रायलात लोद आणि अश्दोदला, घरात आजही मराठी, तिथं आमच्या लोकांचं मायबोली नावाचं मराठी नियतकालिकही निघतं.

माझे काका पन्नाशीत तिकडं गेले आणि उल्पानमध्ये बसले, उल्पान म्हणजे नव्या आलेल्यांना हिब्रू शिकवायची शाळा. पहिल्या दिवशी बाईंनी त्यांच्याकडं बोट करून विचारलं, "मी आता?" काकांना वाटलं बाई मराठी बोलतायत, ते म्हणाले "तुम्ही आता काय?" हिब्रूत मी म्हणजे कोण आणि आता म्हणजे तू, बाई विचारत होत्या तू कोण. नंतर कळलं की आणि म्हणजे मी, आणि कान म्हणजे इथं. काकांनी या चार शब्दांची एक वेडीवाकडी गोष्टच रचली, कान धरून कुणीतरी इथं बसवलंय वगैरे, आणि ते चार शब्द शेवटपर्यंत पक्के राहिले. बाकी हिब्रू यथातथाच.

सांगायचं हे की ताई, तुमच्या पाहुणीला डॉग का राहिला? मोती, बांगडा, ओरडा आणि दाग, सगळं एका जागी आलं. फळ्यावरच्या शब्दाला असं काहीच चिकटलेलं नाही. याला कीवर्ड मेथड म्हणतात, अमेरिकेत ॲटकिन्सन आणि रॉ यांनी १९७५ मध्ये रशियन शब्दांवर प्रयोग करून दाखवलं होतं, परक्या शब्दासारखा वाजणारा आपल्या भाषेतला शब्द शोधायचा आणि दोघांना एका चित्रात बांधायचं. पण चित्र तिचं तिलाच शोधू द्या, तुम्ही दिलेलं चित्र तुमच्या डोक्यातलं असणार, तिला हिब्रूतच काहीतरी ऐकू येईल.

आणि तिला ओळखीचे थोडे शब्द द्या सुरुवातीला, जे तिच्याच घरातून इंग्रजीत गेलेत. ज्युबिली हा हिब्रू योवेल वरून, सॅबथ शब्बात वरून, कॅमल ज्या घराण्यातला त्याचं हिब्रू गामाल, आमेन तर सगळ्यांनाच माहीत. माणसाला परक्या घरात आपलं एक भांडं दिसलं की बरं वाटतं.

ॲम नाही म्हणते ते खरंय. वर्तमानकाळात हिब्रूत आहे नसतं, "आणि आयेफा" एवढंच, मी दमलेली. त्यावर रागवू नका, आपण पण "मी दमलेय" मध्ये आहे गिळतोच की.

---

माडाखालची | १३ डिसेंबर, सकाळी ९:५०

आत्ताच तिला जाऊन "मी आता" म्हटलं. ती म्हणाली मला विचारायचं तर "मी आत", आता पुरुषाला, आत बाईला. म्हणजे आपल्या भाषेत मी आत. मी बाहेर. चहा उतू गेला या सगळ्यात.

---

रिटायर्ड_मास्तर_पेडणे | १३ डिसेंबर, दुपारी ३:२०

वैनी, एकतीस वर्षं हायस्कूलला इंग्रजी शिकवलं, त्यातली निम्मी पोरं घरी कोकणी, वर्गात मराठी आणि फळ्यावर इंग्रजी अशी, त्यामुळं तुमची अडचण कळते. हिब्रू येत नाही पण तुमच्या पोस्टवरून नि नातवाला विचारून थोडं वाचलं, त्यावर सांगतो. लांबलचक होईल, चालवून घ्या.

पहिली गोष्ट, हिब्रू अक्षरांत उच्चार लिहिणं आजच बंद. त्यांच्या लिपीत बावीस अक्षरं, उजवीकडून डावीकडे, आणि रोजच्या लिखाणात स्वर जवळजवळ लिहितच नाहीत, खुणा लहान पोरांच्या पुस्तकात नि धर्मग्रंथात. म्हणजे बेड लिहिला काय नि बॅड लिहिला काय, तिच्या वहीत तेच दोन अक्षर. वर तेच दोन अक्षर हिब्रूत वाचलं तर बाद, म्हणजे कापड! पेन आणि पॅन दोन्ही तसेच एकसारखे. तुम्ही सकाळी शिकवता आणि ती लगेच स्वतःच्या हातानं पुसते, असं चाललंय. आणि त्यांच्या भाषेत स्वर मोजके पाच, ॲ हा आवाजच नाही, शिप नि शीप मधला ऱ्हस्वदीर्घही नाही. जे कानाला नाही ते डोळ्याला तरी दिसलं पाहिजे.

आपलं नशीब बघा, आपल्या पूर्वीच्या लोकांनी इंग्रजीसाठी म्हणून डोक्यावर चंद्र काढला, बॅट, बँक, ऑफिस. तो चंद्र तिला द्या. देवनागरी शिकवू नका, नुसता चंद्र. इंग्रजी ए च्या डोक्यावर खडूनं अर्धचंद्र काढायचा, चंद्र दिसला की जबडा खाली. माझ्या वर्गात उलटा प्रकार करायचो, पोरं ॲपलचं एपल करायची तेव्हा.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. हिब्रूचे शब्द तीन व्यंजनांच्या धातूवर उभे असतात. क त व घ्या, काताव म्हणजे लिहिलं, मिख्ताव म्हणजे पत्र, क्तोवेत म्हणजे पत्ता. स फ र घ्या, सेफेर पुस्तक, सिपूर गोष्ट, सिफ्रिया लायब्ररी. आपल्याकडं लिही, लेख, लेखक, लेखणी आहे तसंच पण फार काटेकोर. म्हणजे या पोरीचं डोकं जन्मापासून एक शब्द ऐकून त्याचं खानदान ओळखायला तयार झालेलं आहे, आणि तुम्ही तिला रोज एक अनाथ शब्द देताय. खानदानासकट द्या की. आणि सुरुवात सिंग, सँग, संग, साँग इथून करा, कारण इंग्रजीत हिब्रूसारखी चाल इथंच दिसते, व्यंजनं जागच्या जागी आणि पोटातला स्वर बदलतो. ड्रिंक, ड्रँक, ड्रंक. ती म्हणेल हे तर आमचंच. मग साइन, सिग्नल, सिग्नेचर, डिझाइन असं पुढं न्या, परीक्षेतल्या उताऱ्यात हेच लॅटिनवाले येतात.

तिसरं, शब्द शेपटीसकट. नुसता डिपेंड नाही, डिपेंड ऑन. नातू म्हणतो हिब्रूत तिथं बे लागतं म्हणजे मध्ये, म्हणून ते लोक डिपेंड इन म्हणतात, आणि अफ्रेड ऑफच्या जागी अफ्रेड फ्रॉम. मेक आणि डू दोन्हीला त्यांच्यात एकच लाअसोत. इथं मात्र तुम्ही हसू नका, आपल्याकडं चहापण करतात, अभ्यासपण करतात नि लग्नपण करतात.

व्ही नि डब्ल्यू सोडून द्या. आपला आपल्यालाच येत नाही.

जाता जाता, गोव्यात परकी भाषा शिकायला बसलेली तुमची पाहुणी काही पहिली नव्हे. फादर स्टीफन्स इंग्लंडातून १५७९ ला इथं आला तेव्हा आपल्या भाषेतलं अक्षर येत नसणार, आणि १६१६ ला त्याचं क्रिस्तपुराण रायतूरला छापून झालं, मराठीत, ओवीबद्ध, अकरा हजारांच्या घरात ओव्या. सदतीस वर्षं लागली म्हणा. तुमच्याकडं अडीच महिने आहेत.

---

हिशोबनीस | १३ डिसेंबर, सायंकाळी ६:४५

मास्तरांचं सगळं पटलं पण कुणी आकडेमोड केलीच नाही. मायकल वेस्ट म्हणून एक इंग्रज होता, ढाक्याला शिकवायचा, त्याची १९५३ ची प्रसिद्ध यादी आहे, इंग्रजीतले सगळ्यात कामाचे साधारण २००० शब्द. रोज एक म्हणजे साडेपाच वर्षं. तुमच्याकडं नोव्हेंबर मध्य ते फेब्रुवारी, ओढूनताणून १०५ दिवस. १०५ शब्दांवर कुठली एंट्रन्स निघते? आणि विसरण्याचं प्रमाण तुमचं तुम्हीच सांगितलंत, २६ पैकी ९. त्या हिशोबानं शेवटी ३६ हातात.

विसरणं काही तिचा दोष नाही. एबिंगहाऊस नावाच्या जर्मनानं १८८५ लाच स्वतःवर प्रयोग करून छापलंय, निरर्थक अक्षरं पाठ करायचा नि किती उडतात मोजायचा, सगळ्यात जास्त गळती पहिल्या काही तासांतच. तुम्ही सकाळी शब्द देता नि सव्वीस दिवसांनी विचारता. मधे काही नाही. गळणारच.

खोकं करा. बिस्किटांचं, चपलांचं, कसलंही, त्यात पाच कप्पे. लाइटनर नावाच्या जर्मन माणसानं सत्तरच्या दशकात काढलेली युक्ती. एका बाजूला शब्द, दुसऱ्या बाजूला अर्थ अशी चिठ्ठी, नवीन चिठ्ठी पहिल्या कप्प्यात, तो रोज बघायचा. आली तर दुसऱ्यात, तो एक दिवसाआड, मग चार दिवसांनी, मग आठ, मग सोळा. चुकली की चिठ्ठी कितव्याही कप्प्यात असो, परत पहिल्यात. फोनवर अंकी म्हणून ॲप हेच करतं, पण ती मुलगी फोटो काढून समुद्रावर जाते म्हणालात, त्यामुळं कागदच बरा.

रोज आठ शब्द खोक्यात, त्यातला एकच फळ्यावर. फळ्यावरच्याचं मास्तर म्हणतात तसं खानदान काढा, बाकीचे सात नुसते रुळू द्या.

---

गिअरवाला | १३ डिसेंबर, सायंकाळी ७:०२

हिशोबनीस भाऊ माझ्या दुकानाची वही पण बघाल का एकदा

---

नवगावकर_कधीकाळचा | १३ डिसेंबर, रात्री ९:३०

मास्तर, ते धातूचं तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं सांगितलंत, लाज वाटली. त्यात एक भर. लिल्मोद म्हणजे शिकणं, लेलामेद म्हणजे शिकवणं, एकच धातू. लिल्वोत उसनं घेणं, लेहाल्वोत उसनं देणं, तेही एकाच धातूचे. इंग्रजीत मात्र लर्न-टीच, बॉरो-लेंड, एकमेकांशी काही नातं नाही. इथं हे लोक हमखास उलटंपालटं करतात. ताई तुमची पाहुणी तुम्हाला "यू लर्न मी इंग्लिश" म्हणते का बघा.

आणि गिअरवाले म्हणाले तसे फसवे शब्द, माझ्याकडून तीन. सिम्पाती म्हणजे त्यांच्यात छान, लाघवी माणूस, इंग्रजी सिम्पथेटिक नव्हे. अक्तुआली म्हणजे सध्याचं, चालू घडामोडीतलं, ॲक्च्युअली नव्हे. गेन्याली म्हणजे अफलातून हुशार, आणि इंग्रजी जीनिअल म्हणजे नुसता मनमिळाऊ. उताऱ्यावरच्या प्रश्नात हे आले की गेलेच मार्क.

---

माडाखालची | २ जानेवारी, रात्री ११:१०

उशीर झाला मंडळी, ख्रिसमस नि न्यू इयरला चारही खोल्या फुल्ल, त्यात पाण्याचा पंप जळला, लिहायला सवड नव्हती. पण काम चालू होतं.

खोकं काजूगराचं केलं, कुठल्या कंपनीचं नव्हे हो, घरच्याच काजूंचं, पुठ्ठ्याचे कप्पे लेकानं चिकटवले. तो आता स्वतःच्याही चिठ्ठ्या टाकतो, त्याच्या हिंदीच्या. रोज आठ जमत नाहीत, सहा होतात, थर्टी फर्स्टला शून्य. काल मोजल्या तर पाचव्या कप्प्यात एकवीस चिठ्ठ्या, चौथ्यात तीसेक. पहिल्या कप्प्यात एक थ्रू (through) आणि थरो (thorough) आणि दो (though) यांचा ढीग आहे तो हलतच नाही, तो माझ्याच्यानं पण हलला नसता.

सिंग-सँग-संग दाखवल्यावर तिनं खडू माझ्या हातातून घेतला आणि फळ्यावर स्वतःच राइट, रोट, रिटन, मग त्यांचं काताव, कोतेव, यिख्तोव, उजवीकडून डावीकडे. मधे दोघींच्या ओळी एकमेकींवर आदळल्या, फळा लहान आहे. मास्तर तुमची आठवण काढली. आणि हो नवगावकर दादा, "यू लर्न मी" पहिल्याच दिवशी सापडलं, ती चिठ्ठी तीनदा पहिल्या कप्प्यात परत आलीय.

चंद्राचं सांगायचं राहिलं. ए वर चंद्र ही युक्ती तिला इतकी आवडली की आता बाजारातून आणलेल्या मासिकात पेन्सिल घेऊन बसते आणि जिथं ॲ वाटेल तिथं चंद्र काढते. निम्मे चुकतात. काल म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात गेलो होतो, तिथं एका दुकानाच्या मराठी पाटीवर बॅग लिहिलेलं, तिला एक अक्षर वाचता येत नाही पण बोट दाखवून मोठ्यानं म्हणाली, "ओपन माउथ!" दुकानदार दचकून तोंड उघडून उभा.

गिअरवाले, पुढचा बेकेक्स विचारलं. म्हणाली तिच्या बाबांचं गॅरेज आहे आणि ते तसंच म्हणतात, त्यात हसण्यासारखं काय.

---

गिअरवाला | २ जानेवारी, रात्री ११:१८

बरोबरच आहे तिचं. आमचा मेकॅनिक सायलेन्सरला सायलेंसल म्हणतो, त्याला कुठं हसतो आपण.

मोती कसा आहे?

---

माडाखालची | २ जानेवारी, रात्री ११:२१

मोतीला ती आता दाग म्हणूनच हाक मारते. येतो पण.